परागाचा सुंठवडा

तळा, शके १८५५, कार्तिक वद्य ४

आज वैद्यबुवांना घराबाहेर काढलं. पुन्हा या उंबऱ्यात पाऊल ठेवू नका म्हणून तोंडावर सांगितलं. भाद्रपदात गोदूला हिवताप आला, तो उतरून किती दिवस झाले, तरी हिच्या अंगात जीव नाही. विहिरीवरून घरी येईपर्यंत कळशी वाटेत टेकवावी लागते. वैद्यबुवांचे काढे आपले चालूच. आज जाब विचारला तर म्हणतात, "रावजी, प्रकृती नाजूक आहे, धीर धरा." धीर! मी या गावचा ड्रिल मास्तर. माझ्या तालमीतली काटकुळी पोरं वर्षाच्या आत भाताचं पोतं खांद्यावर घेतात, आणि माझ्याच घरात बायको कळशी टेकवत चालते. लोक काय म्हणत असतील? तोंडावर कोणी बोलत नाही, कारण माझा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे.

परवा अलिबागला व्यायाम संमेलनाला गेलो होतो. तिथे एका वक्त्याने सांगितलं की मधमाशीची खरी ताकद मधात नाही, परागात आहे. माश्या फुलांवरची पिवळी पूड पायांना चिकटवून आणतात आणि पोळ्याच्या घरांत ठासून भरतात, तो पराग. आपण मध चाटतो आणि पराग टाकून देतो. त्याने म्हणे रक्त वाढतं, भूक लागते, थकवा जातो. बाकीची मंडळी जांभया देत बसली होती. मला मात्र एकदम पटलं. एवढीशी माशी दिवसभर राबते ती कशाच्या जोरावर?

कार्तिक वद्य १०

रघू कातकऱ्याने सातेरी माश्यांचं पोळं आणून दिलं. त्यातली परागाने भरलेली घरं सुरीने खरवडून काढली आणि सुपात सावलीला वाळत घातली. पिवळे, तांबूस, थोडे काळपट कण. चवीला आंबटगोड, मागून जरा कडू. सकाळी चमचाभर खाऊन जोर मारले. दम लागला नाही. हे मी पदरचं सांगत नाही, खरोखर लागला नाही.

तालमीत पोरांना दुधातून द्यायला सुरुवात केली. एकाने तोंड वाकडं केलं. त्याला असा झापला की दुसऱ्यांदा मागून घेतला.

मार्गशीर्ष शुद्ध ३

गोदूचं औषध आजपासून सुरू. चांगले पिवळे कण मी तिच्यासाठी वेगळे काढून ठेवतो. खलात मीच बारीक करतो, मधात मीच कालवतो. खाल्ल्यावर तिला शिंकांवर शिंका आल्या, डोळे लाल झाले. बरोबरच आहे. अंगात मुरलेली सर्दी बाहेर पडते आहे. वैद्यबुवांच्या काढ्यांनी कधी एक शिंक तरी काढली होती का?

मार्गशीर्ष शुद्ध ८

गोदूच्या अंगावर पित्त उठलं. हाताला, मानेला गांधी. आमच्याकडे पित्त उठलं की आमसुलाचं पाणी पाजतात आणि अंगालाही तेच चोळतात, तसं केलं. उतरलं. पराग उष्ण असणार. आता तुपातून देतो.

म्हणाली, "ह्ये खाल्लं का घसा आवळल्यावानी होतो."

मी म्हटलं, "औषध घशातून जातं तेव्हा घशाला कळणारच!"

"तसं न्हाय. श्वासच..."

मी ओरडलो. एवढा की शेजारची तैयबा कुंपणाशी येऊन उभी राहिली. मग मला तिचाही राग आला. मी काय विष देतोय का? पहाटे उठून, दव अंगावर घेऊन रघूच्या मागे रानात हिंडतो ते कोणासाठी? परवा एक माशी डोळ्याच्या वर चावली, अर्धा दिवस डोळा उघडत नव्हता, तसाच ड्रिलला गेलो. हिला मात्र घसा आवळल्यासारखा होतो.

मार्गशीर्ष वद्य ६

गोदूची छाती वाजते. पडल्या पडल्या शिट्टीसारखा आवाज येतो. तैयबा ओटीवर येऊन म्हणाली, "मास्तर, खुदाची कसम, तुमच्या बायकोला दम लागतोय. त्या पिवळ्या दवेनंच होतंय. बंद करा ना."

मी विचारलं, "तू हकीम कधी झालीस?"

ती पदर ओढून निघून गेली. बाई मनाने वाईट नाही, गोदूच्या तापात रात्ररात्र बसली होती, पण प्रत्येकाने माझ्या घरात अक्कल का शिकवावी? रोग जाताना त्रास देऊनच जातो. तालमीत पहिले आठ दिवस पोरांचं अंग असं दुखतं की रडतात. तिथेच सोडलं तर पैलवान कसा होईल?

भाद्रपदात ताप चढला होता तेव्हा तिने मला ओळखलं नव्हतं. "हा कोन बाप्या घरात शिरलाय?" असं तैयबाला विचारत होती. ते सारखं आठवतं. पुन्हा तसं होऊ देणार नाही. मात्रा वाढवतो.

पौष शुद्ध २

म्हसळ्याहून गोदूचा भाऊ बाबाजी आला आणि चार दिवस माहेरी नेतो म्हणाला. मी नको म्हटलं. तो हट्टाला पेटला. एरवी माझ्यासमोर मान वर न करणारा माणूस, आज म्हणतो, "दाजी, बहीन सुकली हो पार. आयच्या हातचं खाऊं द्या जरा." म्हणजे माझ्या हातचं वाईट! भांडण झालं. शेवटी नेऊ दिली, पण डबा भरून पराग बरोबर दिला. वर फडकं बांधलं, त्याला माझी तालमीतली गाठ मारली, आणि बजावलं की एक दिवस चुकता कामा नये. बाबाजीने डबा हातात घेतला खरा, पण जिवंत खेकडा धरावा तसा.

पौष वद्य ५

कमाल झाली. गोदूला आणायला म्हसळ्याला गेलो होतो. अंगणात कोणीतरी बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती, ती गोदू! गाल भरलेत, छातीची शिट्टी बंद, पित्त नाही. मला पाहून भारा खाली ठेवला आणि लाजून आत पळाली. मला काय आनंद झाला ते लिहिता येत नाही. शेवटी लागू पडलं.

डबा फळीवर होता. उचलून पाहिला तर जवळजवळ दिला तेवढाच जड. म्हणजे हिला अगदी चिमूटभर पुरत होता. उगाच मात्रा वाढवली मी. वरच्या फडक्याची गाठसुद्धा माझ्यासारखीच, अगदी हुबेहूब. गोदू माझं पाहून शिकली असणार. सासूबाईंना म्हटलं, "बघितलंत परागाचा गुण?" त्या उठून चुलीकडे गेल्या. जावयाचं कौतुक करायला यांचं तोंड दुखतं.

पौष वद्य ७

घरी आल्याबरोबर चिमूटभर दिला. लगेच शिंका आणि पुन्हा छाती वाजायला लागली. प्रवासाचा शीण. बैलगाडीतून येताना हिने डोक्यावरून नीट घेतलं नव्हतं. चांगली बोलणी खाल्ली.

माघ शुद्ध ५

शाळा सकाळची झाली, त्यामुळे गोदूला समोर बसवून पराग द्यायला वेळ मिळत नाही. वाटीत काढून ठेवतो, ती मागाहून घेते. घरी येतो तेव्हा वाटी घासून पालथी घातलेली असते. तक्रार नाही, घसा नाही, श्वास नाही. आता पचू लागला. मला आधीच ठाऊक होतं.

माघ वद्य १

तैयबा अंडी द्यायला आली होती. बलक असा पिवळाजर्द की मी असा कधी पाहिला नाही. विचारलं, "कोंबड्यांना हल्ली काय घालतेस ग?" तिने गोदूकडे पाहिलं, गोदूने तिच्याकडे, आणि दोघी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. बायकांना कशाचं हसू येईल सांगता येत नाही. मी चिडून विचारलं, "यात हसण्यासारखं काय आहे?" तर दोघी एकदम गप्प झाल्या. गोदू मांडणीकडे तोंड करून उभी राहिली ती तशीच.

पण हसली खरी. तापानंतर पहिल्यांदाच.

फाल्गुन वद्य ८

दवाखान्याचे डॉक्टर रस्त्यात भेटले. पराग कोणाकोणाला देता म्हणून विचारलं. सगळी हकीकत सांगितली, गोदूची तर विस्ताराने. म्हणाले, "पोरांना देता ते ठीक. ती कसरत करतात, दूध पितात, त्यांनी कशानेही अंग धरलं असतं. अन्न म्हणून पराग वाईट नसेल. पण एखाद्याला फुलाची पूड अजिबात सोसत नाही, मास्तर. जपून."

एवढा संताप आला! एखाद्याला म्हणजे कोणाला? माझ्या बायकोला चांगली सोसते आहे. भर रस्त्यात ऐकवलं त्यांना. म्हटलं, हनुमान जयंतीला देवळात या, सगळ्यांसमोर दाखवतो.

शके १८५६, चैत्र शुद्ध १४

उद्या हनुमान जयंती. तालमीच्या मारुतीपुढे दरवर्षी सुंठवडा वाटतात. या वर्षी सुंठवडा मी केला आहे, आणि त्यात सुंठ-खोबऱ्याच्या बरोबरीने पराग घातला आहे. मोठं पातेलंभर. आंब्याच्या उशिरा आलेल्या मोहोराचा ताजा पराग, रंग काय सुंदर आला आहे! गोदूला सांगितलं नाही. उद्या गावासमोर तिचं नाव घेणार आहे. इतके महिने लोकांनी तिला पिवळी, अर्धमेली म्हणून घेतलं, उद्या सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. तिलाही बरं वाटेल. मी तिच्याशी गोड बोलत नाही हे मला माहीत आहे. उद्या बोलेन, सगळ्यांदेखत.

चैत्र शुद्ध १५

आज लिहवत नाही.

चैत्र वद्य १

गोदू जिवंत आहे. आधी तेवढंच लिहितो.

जन्म झाला, आरती झाली. मी पुढे होऊन बोललो. पराग काय आहे, तालमीच्या पोरांनी कसा खाल्ला, माझ्या कुटुंबाची तब्येत कशी होती आणि आता कशी आहे ते सांगितलं. तिला बायकांतून पुढे बोलावलं. ती आली. हिरवं लुगडं नेसली होती, चांगली दिसत होती. म्हटलं, "हा परागाचा सुंठवडा. पहिला हिच्या हातावर." आणि ठेवला.

तिने हातावर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, लाजते आहे. लोक बघत होते. मी म्हटलं, "घे ना, प्रसाद आहे." आवाज थोडा चढला असेल. तिने डोळे मिटले, हात कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

लोकांना वाटून होण्याआधीच ती खांबाला धरून खाली बसली. ओठ सुजले. चेहरा ओळखू येईना. श्वास आत जाईना, नुसता आवाज. मी उचलली आणि धावलो. काही म्हणजे काही वजन नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी दंडात सुई टोचली, मग पुन्हा एक. किती वेळाने कोण जाणे, पण श्वास आला. मी डॉक्टरांवर ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. ते म्हणाले, "मास्तर, बाहेर जा, नाहीतर मला काम करता येणार नाही."

चैत्र वद्य २

डॉक्टरांनी गोदूला विचारलं, याआधी कधी असं झालं होतं का? तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

तैयबा दाराशी उभी होती. तीच बोलली, "मी सांगते. दर वेळी व्हायचं. म्हायेरी बंद केलं तवा बरी झाली. डब्याची गाठ सोडलीपन नव्हती तिकडं. हितं आल्यावर वाटी माझ्या कोंबड्यांना घालायची. म्हनून तर जीव धरून होती."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! सासूबाईंना, बाबाजीला, तैयबाला. कोंबड्यांनासुद्धा. फक्त मी बावळट. गावासमोर छाती काढून भाषण करतो आहे, आणि मागे सगळे हसताहेत. दवाखान्याच्या पायरीवर तैयबाला वाटेल ते बोललो. ती हलली नाही. म्हणाली, "बोला मास्तर, काय बोलायचं ते. आज मी जायची न्हाय."

उरलेला पराग, सूप आणि खल गटारात फेकला. खल फुटला. तरी राग जात नाही.

चैत्र वद्य ४

गोदूला घरी आणलं. चेहऱ्यावरची सूज उतरली आहे. बाबाजी आला आहे. ओटीवर बसून असतो, माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही.

आज विचारलं तिला. राग आवरून विचारायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. "मला का नाही सांगितलंस? मी काय राक्षस आहे? एकदा सांगितलं असतंस तर दिला असता का मी?"

म्हणाली, "सांगितलं व्हतं. घसा आवळतो म्हनलं व्हतं. तुमी वरडलात."

"मग पुन्हा सांगायचं!"

ती पांघरुणाची घडी सरळ करत राहिली.

"आणि कोंबड्यांना घालत होतीस, तर देवळात कशाला खाल्लंस? ठाऊक होतं ना काय होईल ते?"

"ठावं व्हतं."

"मग?"

तिने छताकडे नजर लावली. आवाज अजून बसलेला आहे, तुटक तुटक बोलते. "देवाचा परसाद. टाकता येतो का? आनि तुमी सगळ्यांम्होरं माजं नाव घ्यातलं. न्हाय म्हनलं असतं तर तुमचं हसं झालं असतं. मग घरी आल्यावर..."

"घरी आल्यावर काय?"

"काय न्हाय," म्हणाली, आणि भिंतीकडे कूस वळवली.

मी तिच्यावर कधी हात उचललेला नाही. एकदासुद्धा नाही. हे मी बाबाजीला बाहेर जाऊन सांगितलं. त्याने नुसती मान हलवली. मग म्हणाला, "ठावं हाय दाजी." एवढंच. मला त्याचा इतका राग आला की उठून तालमीत गेलो. पोरं दारात मला पाहून गप्प झाली आणि भराभर रांगेत उभी राहिली. रोजच राहतात. आज ते बघवेना. सगळ्यांना घरी पाठवलं.

चैत्र वद्य ५

दिवसभर विचार करतो आहे. गुदमरून मेली असती. ते तिला चालणार होतं, आणि माझं ओरडणं चालणार नव्हतं. डॉक्टरांचा, तैयबाचा, बाबाजीचा, मारुतीचा, सगळ्यांचा राग राग करून झाला. आता कोणाचा करू?

ठरवलं आहे, यापुढे हळू बोलायचं. कसं बोलायचं ते नीट येत नाही. शाळेत चार पटांगणं पलीकडे ऐकू जावा असा आवाज लागतो, तो घरातही तसाच राहिला.

चैत्र वद्य ६

बाबाजी गाडी जोडायला गेला होता. गोदू आज त्याच्याबरोबर म्हसळ्याला जाणार. किती दिवसांसाठी ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. ती माजघरात भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, गाठोडं शेजारी. तिचे ओठ सुकलेले दिसले. मी जवळ गेलो, खाली बसलो, आणि आयुष्यात कधी बोललो नसेन इतक्या हळू आवाजात विचारलं, "गोदू, पाणी आणू का तुला?"

ती दचकून उठून उभी राहिली. पदर सावरला, श्वास धरला आणि म्हणाली, "काय चुकलं माजं?"